पिशवीतली खोट

पुणे, होस्टेल
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय वहिनी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणणारच, म्हणून आधी तेच सांगते. फोनवर तू "बरं हाय सगळं" म्हणतेस आणि आईकडे देतेस. आई "जेवलीस का" विचारते आणि माझं उत्तर यायच्या आत ठेवून देते. एवढ्यावर माझा प्रोजेक्ट उभा राहत नाही गं. आमच्या सरांचं म्हणणं, वस्तू वापरणाऱ्याचं मत त्याच्याकडून सवडीनं लिहून आलं पाहिजे. आपल्या घरात पेन धरायची हौस असलेली तूच एक.

हिरासिंगच्या ट्रॅव्हल्सनं खोकं पाठवलंय. दादाला म्हणावं, जवळ्याच्या चौकात उतरवून घे. आत कापूस वेचायच्या तीन पिशव्या आहेत. एक तुझी, एक आईची आणि एक तुला जिला द्यावीशी वाटेल तिची. तुम्ही पोटाशी ओटी बांधता, ती भरत जाते तशी खाली ओढते आणि दिवसभर कंबर वाकलेली राहते. वेचणीच्या दिवसांत आई घरी आल्या आल्या भिंतीला पाठ लावून बसते ना, ते आठवूनच हा विषय घेतला मी. ही पिशवी दोन पट्ट्यांनी खांद्यावरून पाठीवर बसते, तोंड बगलेखाली येतं. ओझं कमरेवर येत नाही. होस्टेलच्या मुलींवर घालून बघितली, जुन्या उशा फोडून त्यातला कापूस भरला. सगळ्या खूश.

गेल्या वर्षी ज्युरीनं माझं काम परत पाठवलं, तुला माहीतच आहे. "टेबलावर बसून केलेलं आहे" म्हणाले. या मार्चमध्ये पुन्हा त्यांच्यापुढं उभं राहायचंय. पास झाले तर जुलैपासून नोकरी पक्की, ते लोक तोवर थांबायला तयार आहेत. नाही झाले तर तीही गेली. म्हणून दिवाळीला येत नाही. आईला तूच सांग, माझी हिंमत नाही.

अहवाल इंग्रजीत लिहायचाय आणि मी 'ओटी'पाशीच अडकून बसलेय. त्यांच्या भाषेत तिला शब्द नाही. 'पोटाशी बांधलेलं फडकं' असं लिहिलं, आणि ते वाचून माझं मलाच कसंतरी झालं.

गोड लिहू नकोस वहिनी, खरं लिही. फार दमलेय.

तुझी प्रतिक्षा


जवळा बाजार
५ नोव्हेंबर २०२४

प्रतिक्षाताईंना त्यांच्या एकुलत्या एका वहिनीचा दंडवत,

बारावीचा पेपर दिला त्यानंतर एवढं लिहायला आजच बसले. मी बोलते तसंच लिहिणार. तुमच्या सरांना समजलं तर समजलं.

खोकं आलं. तुमच्या दादांना वाटलं दिवाळीचे कपडे पाठवलेत बहिणीनं. उघडून बघितलं आन् तोंड एवढंसं झालं. तुमी तिकडं नेमकं काय शिकून राहिल्या, ते गावाला अजून कळलं न्हाई. थोरल्या अण्णांची सून म्हणाली, "डिझाईन शिकतीया ना प्रतिक्षा, मंग ब्लाऊजच्या गळ्याचं एखादं पाठव म्हणावं." तिसरी पिशवी मी तिलाच दिली. तिनं एक दिवस वापरली, दुसऱ्या दिवशी तिच्यात शेळीसाठी पाला भरून घरी नेली. आता ती पिशवी शेळीची.

माझं सांगते. वेचणीला जाताना मी तुमच्या दादांचा जुना फुलशर्ट साडीवर चढवते आन् डोक्याला रुमाल बांधते. त्यावर पिशवी बराबर बसली. कमरेला आराम पडला, खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी अर्धा कापूस बाहेरच सांडला, मंग हात बसला. सकाळच्या दहिवरानं पिशवीचा तळ ओला होतो, तेवढं बघा.

आत्याबाईंची गोष्ट निराळी. त्या त्यांच्या पिशवीला कोणाला हात लावू देत न्हाईत. साऱ्या रानाला दाखवून आल्या, "माज्या लेकीनं केली." मी पेन घेऊन त्यांच्यापुढं बसले. म्हणलं, सांगा कशी हाय? म्हणाल्या, "लिही, लई चांगली हाय." म्हणलं, आणखी? म्हणाल्या, "लिही, जेवत जा."

दिवाळीला तुमी न्हाई म्हणून करंज्या कमीच केल्या. चार पाठवते. बाकीच्या तुमच्या भाच्यानं खाल्ल्या.

तुमची वहिनी,
प्रियदर्शनी


पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय वहिनी,

करंज्या मी एकटीनं खाल्ल्या, कुणाला दाखवल्यासुद्धा नाहीत. शेळीची गोष्ट सरांना सांगितली तर ते पोट धरून हसले आणि वर म्हणाले, हेही लिहा. लिहिलं. दहिवराचंही लिहिलं, तळाला आता मेणकापड लावतेय. असं काही हवं असतं बघ मला.

पण आईचं "लई चांगली" मी अहवालात कुठं घालू? लई चांगली म्हणजे काय? खांदा दुखतो का, मान अवघडते का, पाठीला घाम येतो का? खोट विचार तिला. दुकानातली पिशवी असती तर तिनं शिलाई ओढून बघितली असती, दुकानदाराची हजेरी घेतली असती. मग मलाच का सूट?

इथं रोज तेच चाललंय. शिवते, उसवते, अहवालाचं एक पान लिहिते, सर ते अर्धं खोडतात, परत लिहिते. कापसाच्या पिशवीवर इतकं लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं. काल तर लिहिता लिहिता माझंच मला कळेना, की हे मी कुणासाठी करतेय.

तुझी प्रतिक्षा


जवळा बाजार
९ डिसेंबर २०२४

प्रतिक्षाताई,

उशीर झाला, राग धरू नका. लेकराला ताप होता, सासऱ्यांना हिंगोलीला नेऊन आणलं, वेचायला बाया मिळत न्हाईत, तुरी उभ्या हायेत. शेतातून आलं की भाकरी, भाकरी झाली की भांडी, आन् वर तुमचा तो प्रश्नांचा कागद. मला पण कोणीतरी पास करा म्हणावं एकदा.

आत्याबाईंच्या पिशवीच्या पट्ट्याची शिलाई उसवली, म्हणून तीच पाठवते. नीट करून लौकर पाठवा, असं त्यांनी बजावून सांगितलंय. रोज तीच घालून जातात.

खोट विचारली मी. दोनदा विचारली. दुसऱ्यांदा त्या माझ्यावरच उखडल्या. "लेकीच्या हातच्या वस्तूला नावं ठिवू का मी? ती तिथं एकटी राबून राहिली, आन् आमी इथं बसून खोटी काढायच्या?" मंग मी विचारायचं सोडलं. तुमी बी मला या बाबतीत आणखी विचारू नका. पिशवी तुमच्या हातात हाय, ती बघा नीट. तुमी शिकलेल्या, तुमाला त्यातून समजंल.

वहिनी


पुणे
२२ डिसेंबर २०२४

प्रिय वहिनी,

बघितली! आणि समजलं!

उजव्या पट्ट्याला आईनं तिच्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळलीय, वर बारीक गाठी मारून. त्यावर हळद लागलेली. मी ती पिशवी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून होते. मग सरांकडे घेऊन गेले. त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, वापरणारीनं वस्तू आपलीशी केलीय, याच्याहून मोठी पावती कुठली? हळदीचं त्यांना मी समजावून सांगितलं. दादानं ट्रॅक्टर आणला तेव्हा आईनं बॉनेटला हळदीकुंकू लावलं होतं ना, तशीच माझ्या पिशवीलाही लावली तिनं. आमच्याकडे नवी चीज घरची झाली की तिला हळद लागते, असं मी अहवालात लिहिलंय. त्या चिंधीचा पानभर मोठा फोटो काढलाय. तेच अहवालाचं मधलं पान.

काल कच्च्या ज्युरीत हे पान दाखवलं. गेल्या वर्षी ज्या बाईंनी माझं काम परत पाठवलं, त्याच म्हणाल्या, आता जमतंय. वहिनी, कितीतरी महिन्यांनी मला नीट झोप लागली.

शिलाई दुहेरी मारून पिशवी परत पाठवतेय. चिंधी तशीच ठेवलीय, आईला सांग. बाबांची तब्येत कशी आहे?

तुझी प्रतिक्षा


जवळा बाजार
१८ जानेवारी २०२५

प्रतिक्षाताई,

तुमचं पत्र मी चुलीपुढं वाचलं आन् तशीच बसून राहिले. भाकर करपली. संक्रांत होऊ दिली, सणासुदीला नको म्हणलं. आता लिहिते. आत्याबाईंनी मला नागनाथाची आण घातली होती, ती मोडून राहिले. देव मला बघून घेईल.

ती हळद पिशवीला लावलेली न्हाई. ती आत्याबाईंच्या मानेला लावलेली हाय.

मी शर्ट घालते, डोक्याला रुमाल बांधते, मला पट्ट्याची काही तकलीफ न्हाई. आत्याबाई शर्ट घालतात का? त्यांच्या डोक्यावर पदर असतो. शेजारच्या पट्टीत थोरले अण्णा, त्यांचे जेठ म्हणजे थोरले दीर, सकाळपासून फवारा घेऊन फिरत असतात. पिशवीचा पट्टा पदरावर बसतो. वाकलं की पदर मागं ओढला जातो, डोक्यावरून उतरतो. हात कापसात, पदर कोणत्या हातानं सावरायचा? म्हणून त्यांनी पदराला गळ्यापाशी गाठ मारली. मंग ती गाठ आन् पट्टा मानेला काचू लागले. दिवाळीनंतर सालटं गेलं. त्यावर हळद-तेल लावून चिंधी गुंडाळली, आन् परत तीच पिशवी. मी म्हणलं, आत्याबाई, ओटी बांधा आता, ताईला काय दिसतंय तिकडून? तर म्हणतात, "अण्णांच्या सुनंनं शेळीला दिली, म्या बी टाकली तर लेकरू काय म्हनंल?"

तुमी डिसेंबरात शिलाई मारून पाठवली, तिनं आणखीनच काचलं. मान पिकली. जवळ्याच्या दवाखान्यात नेलं, आता बरी हाय. डाग राहील.

तुमी त्याचा पानभर फोटो छापला म्हणता. मला बोलायचं न्हाई काही. मीच आधी लिहायला पाहिजे होतं. पण तुमी बी ताई, एवढ्या शिकलेल्या, आईची हळद ओळखू आली न्हाई तुमाला?

प्रियदर्शनी


पुणे
२४ जानेवारी २०२५

वहिनी,

तुझा आधी इतका राग आला, की पत्र फाडून टाकलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं.

होस्टेलच्या ज्या मुलींवर मी पिशवी घालून बघितली, त्या सगळ्या टी-शर्टमध्ये होत्या. एकीच्याही डोक्यावर पदर नव्हता. आणि माझ्या आईच्या डोक्यावरून पदर उतरलेला मी जन्मात बघितला नाही. तोच मी विसरले. कागदावर मी तिचा खांदा काढला, कंबर काढली, हाताची लांबी काढली. पदर काढलाच नाही.

तुझं पत्र जुळवलं आणि लगेच फोन केला. आई म्हणाली, "वहिनीचं काय ऐकतीस, मानंला मुंगी चावली व्हती." म्हणाली, जेवलीस का. ठेवला.

ते मधलं पान मी काढून टाकलंय. अहवालात आता तिथं काही नाही. सर म्हणाले, राहू द्या ते पान, कुणाला कळणार आहे? मला कळतंय ना. पण त्याच्या जागी काय घालू? तुझ्याकडून कळलेलं लिहीन, पण मान आईची आहे. तिच्या तोंडून एक वाक्य दे मला. "मला काचलं" एवढं म्हणाली तरी पुरे. ती म्हणाली नाही तर मी ज्युरीपुढं रिकामी उभी राहीन. हे तिला असंच्या असं सांग, माझी शपथ घालून सांग.

प्रतिक्षा


पुणे
१५ मार्च २०२५

प्रिय वहिनी,

शिवरात्रीला तू औंढ्याचा प्रसाद पाठवलास, सोबत दोन ओळी, "आत्याबाई बोलत न्हाईत. विषय काढला की उठून जातात." त्या दोन ओळी घेऊनच मी परवा ज्युरीपुढं गेले.

जे झालं ते सांगितलं. पदराचं, जेठांचं, गाठीचं, हळदीचं, आणि मी लावलेल्या अर्थाचंही. गेल्या वर्षीच्या त्याच बाईंनी ऐकून घेतलं. मग अहवाल चाळला आणि म्हणाल्या, "या साऱ्या कागदांत तुमची आई स्वतः एक वाक्यसुद्धा बोलत नाही. जिच्यासाठी वस्तू केली तिला त्रास काय झाला, हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळावं लागलं. मग पुढची पिशवी तरी कशावरून बरोबर असेल?"

पास केलं नाही. पुढच्या वेचणीनंतर पुन्हा या म्हणाले. नोकरीवाल्यांना कळवलं, त्यांनी शुभेच्छा दिल्या.

मी रडले वगैरे नाही. होस्टेलच्या खोलीत आडवी पडून राहिले. आईवर राग नाही, हे तिला सांग. किंवा नको सांगूस, तिला वाटेल की आहे. तिला एवढंच सांग, की झालं नाही. बाबांना मी फोन करते.

तुझी प्रतिक्षा


जवळा बाजार
२७ मार्च २०२५

प्रतिक्षाताई,

तुमचं पत्र मी आत्याबाईंना वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या बाईंचं बोलणं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आज सकाळी हळदीच्या ढिगावर बसून निवडून राहिल्या होत्या, अचानक म्हणाल्या, "पेन आन." आता त्या सांगतील तसं लिहिते. एक अक्षर इकडचं तिकडं करायचं न्हाई अशी ताकीद हाय.

"प्रतिक्षा बाळा, तुजी पिशवी चांगली हाय.

वहिनी म्हनती, असं सांगायचं न्हाई. बरं.

मला काचलं. लई काचलं. पदराचं तुला समजलंच. आनखी सांगते. बंद मागून हाय, सोडायला दुसरी बाई लागती. रानात बाईमानसाला मधीच आडोशाला जावं लागतं, दर बारीला कोनाला हाक मारू का, की बाई माजा बंद सोड? लाज वाटती. म्हनून म्या दुपारपस्तोर पानीच पीत न्हवते. ओटीत कापूस पडला की किती झाला ते मांडीला कळतं, पाठीवर कळत न्हाई. भाकर खायला बसलं की ती मागून ढकलती. पट्ट्याचा कपडा उन्हात तापतो. येवढं पिशवीचं.

मला कदी कोनी असं इचारलंच न्हाई, म्हनून तोंडाला यीना. आता येऊन राहिलं तर लिहून घे. सैपाकाचा वटा तुज्या बापानं स्वतःच्या उंचीनं बांधून घेतला. तिथं सैपाक करायला मी लागते, आन् माप त्यांचं. इतक्या वर्सांत माजे खांदे उतरले न्हाईत. हांड्याला कान न्हाई. न्हानीच्या दाराची कडी वर हाय, मला टाचा वर कराव्या लागत्यात."

(तुमचे बाबा बाहेर ओसरीवर बसून ऐकून राहिलेत. आत्ता उठून न्हाणीकडं गेले, कडी बघायला. आत्याबाई थांबत न्हाईत, माझा हात दुखायला लागला.)

"तुला पास केलं न्हाई ते माज्या मुकेपनानं. मला वाटलं, खोट काढली तर लेकराचं मन मोडंल. आता पुडच्या वेचनीला तू हितं ये, माज्या शेजारच्या वळीनं चाल, मी बोलत जाईन, तू लिहीत जा. शर्ट मातर घालायला लावू नको, त्यो मी घालायची न्हाई.

आनखी एक खोट हाय. ती पिशवीतली न्हाई. तू पुन्याला गेल्यापासून घरी येतीस ती झोपतीस. दमलेली असतीस, मला दिसतं, म्हनून मी दार लोटून घेती, भांडं बी वाजू देत न्हाई. मंग तू उठतीस आन् तुजी गाडी असती. चौकात तू खिडकीतून हात हालवतीस, तवा माज्या ध्यानात येतं, की आपन दोगी बोललोच न्हाई. फोनवर मला दुसरं काय सुचत न्हाई, म्हनून जेवलीस का इचारते. ह्या बारीला ये, झोप काडायची ती काड. पन उठल्यावर येक दिवस राहा."